चौरंगाची लाल धूळ

गोडादरा, सुरत
रविवार, ता. २९ जून

चि. दगा यास थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इथे बरे आहोत, तुम्ही तिथे बरे असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आमच्या बरे असण्याबद्दल मला थोडी शंका आहे. ती पुढे येईलच.

तुला वाटेल, फोन असताना म्हातारा कागद का खराब करतो. फोन मी केले होते, तू उचलले नाहीस. शिवाय आमच्या नूतनने, म्हणजे भूपेंद्रच्या पोरीने, माझ्या फोनात असं काही करून ठेवलंय की मी बोललेलं सगळं त्यात साठतं. ती म्हणते, "आबा, तसं काही नसतं." पण हे म्हणताना हसली. म्हणून पत्र. ते टपालात टाकायला गोपालकडे देणार आहे. गोपाल म्हणजे आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, युपीकडचा. त्याला मराठी येत नाही असं तो सांगतो, पण अक्षरं तर तीच आहेत. पाकीट डिंकाने चिकटवून वर भाताचं शीत दाबलंय. फुटलेलं आलं तर मला कळव.

इथे सगळ्या सोयी आहेत. नळाला दिवसभर पाणी, कपड्यांना मशीन, चौथ्या मजल्यावर यायला लिफ्ट. भूपेंद्रने एक मालिशची खुर्ची आणली आहे, बटण दाबलं की पाठीत बुक्क्या मारते. सून उज्ज्वला मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. एवढी सेवा का करतात याचा मी बसून विचार करतो. बसण्याशिवाय दुसरं कामच नाही. खाली मी फारसा जात नाही. खाली जाण्यासारखं काही नाही.

आता मुद्द्याचं. पण तू हे तुझ्या बायकोजवळ बोलू नकोस.

तुझी सरलावहिनी हल्ली सकाळी घरात नसते. मी उठतो तेव्हा तिची गोधडी घडी घातलेली असते. येते तेव्हा घामाने भिजलेली, चपलांना चिखल. विचारलं तर म्हणते, "देवळात गेल्ती." कोणत्या देवळात एवढा घाम येतो? आणि ती लिफ्टने जात नाही. गुडघ्यांनी अधू बाई, डॉक्टरने वाटी बदला म्हणून सांगितलेलं, ती जिन्याने का उतरेल? मी बराच विचार केला तेव्हा लक्षात आलं. लिफ्टमध्ये कॅमेरा आहे.

घरात मशीन असताना स्वतःची साडी मोरीत बसून हाताने धुते. म्हणजे साडीवर काहीतरी असतं जे उज्ज्वलाला दिसायला नको. मऊ पोळी सोडून दादर ज्वारीची भाकरी मागते. संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळताना स्वतःशीच पुटपुटते. मी जवळ गेलो की गप्प.

गोपालला मी इंटरकॉमवरून आडून विचारलं. तो म्हणाला, "माँजी तो रोज पोटला लेकर जाती हैं, बाबा. सर पर." गाठोडं! घरातून गाठोडं जातंय आणि मालकाला पत्ता नाही.

मग मी एका सकाळी पलंगाखाली वाकून पाहिलं. दगा, चौरंग नव्हता. आपल्या कानबाईचा चौरंग. आईच्या सासूपासून चालत आलेला, ज्याचा एक पाय मोडला तेव्हा मी लूमच्या जुन्या लाकडाचा तुकडा ठोकून बसवला होता, तो. नारळ दर श्रावणात नवा येतो आणि तापीत जातो, पण देवी बसते ती त्या चौरंगावर. चौरंग गेला तर देवी गेली.

दुपारी पुन्हा पाहिलं तर जागेवर! मी आधी तो तोच आहे का याची खात्री केली. पाय माझ्याच हातचा होता. पण फळीवर बोट फिरवलं तर बोट लाल झालं. कुंकू. हे शेजारच्या भांडीवालीला कळणार नाही, पण तुला कळेल. आपल्या चौरंगाला श्रावणाआधी कुंकू लागत नाही. म्हणजे दुसरीकडे कुठेतरी तो मांडला जातोय, पूजला जातोय.

तुझा अक्षय उधन्याला खोली घेऊन राहतो. गोडादऱ्याहून उधना लांब नाही. अक्षयचं लग्न झालंय, घरात सुवासिनी आहे. मी कोणाचं नाव घेत नाही.

आई गेली तेव्हा तू पंचांसमोर म्हणाला होतास की देवी गावातून हलवायची नाही. मी थोरला होतो, देवी थोरल्याकडे राहते, म्हणून सुरतेला आणली. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तेव्हापासून तू कानबाईच्या प्रसादाचा रोट खायला आला नाहीस. तुझा राग तुझ्यापाशी. पण माझ्या बायकोला हाताशी धरून चौरंग हलवायचा असेल तर तसं सरळ कागदावर लिही.

उत्तर पाठव. पाकिटावर माझं नाव ठळक लिही, नाहीतर उज्ज्वला उघडेल.

तुझा थोरला भाऊ,
बन्सीलाल


गोडादरा, सुरत
रविवार, ता. १३ जुलै

चि. दगा यास आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. माझं पोचलं की गोपालच्या खिशात राहिलं, समजायला मार्ग नाही. पोचलं असेल तर त्यातला अक्षयचा मजकूर तूर्त बाजूला ठेव. मागे घेतला असं मी म्हणत नाही. बाजूला ठेव.

मी तिच्या मागे गेलो.

आता तुला एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. होळीच्या दिवशी मी खाली गेलो होतो. गेटपाशी मला भोवळ आली आणि मी बसलो. पडलो नाही, बसलो. पोरांनी उचलून वर आणलं. तेव्हापासून मी या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. भूपेंद्र म्हणतो, "आबा, गरजच काय? सगळं वर येतं." खरं आहे, सगळं वर येतं. मला वाटत होतं मी खाली जात नाही ही माझी मर्जी. परवा दारात उभा राहिलो तेव्हा पाय थरथरले, तेव्हा समजलं की मर्जी नव्हती.

लिफ्टमध्ये मी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो. गेटवर गोपाल खुर्चीवरून उठला. "बाबा, आप?" मी त्याला गप्प बसायची खूण केली आणि त्याने दाखवलं त्या बाजूला निघालो. बिल्डिंगमागे एक बंद पडलेला लूमचा कारखाना आहे. यंत्रं भंगारात गेली, पत्रे राहिलेत. त्यापुढे मोकळं पटांगण. भिंतीला हात लावत गेलो.

ती तिथे चालत होती. पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चौरंग, चौरंगावर जुन्या साडीत बांधलेल्या विटा. दगा, विटा! ते कुंकू नव्हतं, विटेची धूळ होती. पटांगणाला फेऱ्या घालत होती, आणि तिच्या मागे दोन्ही हात पुढे धरून आमची उज्ज्वला चालत होती, जसं पाऊल टाकायला शिकणाऱ्या पोरामागे चालतात. दर फेरीला सरला थांबायची, गुडघा दाबायची, काहीतरी कानबाईचं गाणं म्हणायची, पुन्हा निघायची.

मला आधी वाटलं की सून माझ्या बायकोचे गुडघे मोडायच्या बेतात आहे. अजूनही तो विचार पुरता गेला नाही.

मी ओरडलो. तिने मान न वळवता डोळे वळवले. मान वळवली असती तर विटा पडल्या असत्या.

"तुम्ही खाले उतरनात?" ती म्हणाली. एवढंच. मी तिला पकडलं होतं आणि चकित झाली तीच, माझ्या खाली येण्याने.

"हे काय चाललंय?"

"सराव."

"कशाचा?"

"कानबाईले तापीवर नेवाना. डोक्यावर. चालीसन."

मी म्हणालो, "टेम्पो आहे. भूपेंद्रने सांगूनसुद्धा ठेवलाय, डीजेसकट."

तेव्हा तिने चौरंग उतरवला. उज्ज्वलाने एका बाजूने धरला. मग ती विटांच्या गाठोड्यावर बसली आणि मला जे बोलली ते असं. मागच्या साली देवी टेम्पोत बसली आणि मी रिक्षात. गाणी डीजेने म्हटली. तापीच्या घाटावर, ओवाऱ्यावर उतरले तर साडीची घडीसुद्धा मोडली नव्हती. देवीसमोर हात जोडले आणि लाज वाटली, हिला मी काय दाखवू? वर्षभर माझ्या अंगावर काही पडतच नाही. पाणी वर येतं, भाजी वर येते, कपडे मशीन धुते. मी अशी खुर्चीत बसून बसून एक दिवस उचलली जाईन आणि कोणाला कळणारसुद्धा नाही की मी होते.

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही झोपू दिलं असतं का? अमकं होईल, तमकं होईल. डॉक्टर काय म्हणेल, लोक काय म्हणतील. बाई, माझे गुडघे परवडले, पण तुमचा घोर नाही परवडत."

उज्ज्वला तोंडावर पदर धरून हसली. मी ते पाहून ठेवलं आहे.

मी तिथेच बजावलं की हे बंद. मी घरचा कर्ता आहे. त्यावर ती जे म्हणाली त्यासाठी हे पत्र. ती म्हणाली, "ठीक शे. टेम्पोतच जायची असेल तर देवी इथं ठेवायची कशाला? दगाभाऊजींकडे देऊन टाकू. तिथं विमलबाई अजून गावाबाहेरच्या नदीपर्यंत चालत जाते, दुसऱ्याची कानबाई डोक्यावर घेऊन. जिथं चालत नेतात तिथं राहू दे."

म्हणजे ती तुझ्या विमलबाईशी फोनवर बोलते! मला शंका होतीच. माझी शंका अगदीच खोटी नव्हती, हे तू लक्षात घे.

घरी आल्यापासून ती बोलत नाही. चौरंग पलंगाखाली आहे, मी सारखा वाकून पाहतो. ती टिंगल करत नाही, रडत नाही, मुकाट माझ्यासमोर मऊ पोळी आणून ठेवते. ती थांबली तर देवी जाईल. नाही थांबली तर रस्त्यात पडेल. गोडादऱ्याहून तापी म्हणजे काय पटांगणाच्या फेऱ्या आहेत का? वाटेत पूल आहे, ट्रक आहेत, खड्डे आहेत. मी सगळ्या बाजूंनी विचार केला, प्रत्येक बाजूला भीतीच बसलेली आहे.

काल मात्र तिने एकच विचारलं. "तुम्हाला शेवटचं बरं कधी वाटलं होतं?" मी म्हणालो, हे काय विचारणं झालं. पण मग मला उधन्याच्या कारखान्यातला तो सुताचा बीम आठवला. कच्च्या धाग्याचा, दर हाताला तुटणारा. कोणी घ्यायला तयार नव्हतं. शेठ म्हणाला, उतरवून टाका. मी म्हणालो, माझ्या लूमला लावा. का म्हणालो, देव जाणे. तुटायचा आणि मी गाठ मारायचो, तुटायचा आणि गाठ मारायचो. शेवटचं कापड उतरलं तेव्हा बोटं सुजली होती. त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत आलो होतो. हे तिला मी सांगितलं नाही. तिला ते आठवत असणार, म्हणून तर विचारलं. ती काही उगाच विचारत नाही.

तू विमलबाईला विचार, ती गुडघ्याला काय बांधते. माझं नाव घेऊ नकोस.

तुझा भाऊ,
बन्सीलाल


गोडादरा, सुरत
मंगळवार, ता. ५ ऑगस्ट

चि. दगा यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. फक्त एक ओळ, "एरंडाचं तेल आणि जुन्या धोतराची पट्टी." खाली सही नाही. अक्षर तुझं आहे हे मी आधीच्या पत्रांशी ताडून पाहिलं.

पट्टी तिने बांधली. माझ्याच धोतराची, मी फाडून दिली.

परवा रविवारी कानबाई बसली आणि काल सोमवारी गेली. कशी गेली ते लिहितो.

त्या 'बंद'नंतर मी तिला हो म्हटलं नव्हतं, पुन्हा नाहीही म्हटलं नव्हतं. भूपेंद्रला मात्र गुपचूप सांगून ठेवलं होतं की टेम्पो रिकामा मागे राहू दे. आणि माझ्यासाठी एक रिक्षा, टेम्पोच्याही मागे. मी त्यातून सगळ्यांवर लक्ष ठेवणार होतो. तिचा तोल, उज्ज्वलाचे हात, ट्रकवाले. रिक्षावाल्याच्या डोळ्यांत झोप होती, म्हणून त्याच्यावरही.

सकाळी चौरंग उचलायची वेळ आली. आल्यागेल्या बायकांनी फुगड्या घातल्या, गाणी म्हटली. सरलाने चुंबळ ठेवली, उज्ज्वलाने चौरंग टेकवला. नारळाला नथ, गळ्यात हार, आणि त्याखाली माझ्या बायकोचा चेहरा, असा की मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. ती जिन्याकडे वळली. लिफ्ट उघडी होती, गोपालने बटण दाबून धरलेलं. ती जिन्याने निघाली.

मी लिफ्टने उतरलो. खाली ती यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी रिक्षाजवळ उभा राहून विचार केला की, ती पडली तर मी रिक्षातून उतरून पोचेपर्यंत काय होईल? पोचणार कोण आधी? हा साधा हिशोब माझ्या डोक्यात आधी कसा आला नाही. मी रिक्षावाल्याला जा म्हटलं. तो विचारतो, "काका, क्या हुआ?" म्हटलं, काही नाही, तू झोप जाऊन.

मग मी तिच्या मागे चाललो, दोन्ही हात पुढे धरून. लोक हसले असतील. मी मागे पाहिलं नाही.

तुझा अक्षय आला होता, बायकोला घेऊन. बोलावलं कोणी, मला माहीत नाही. पाण्याची बाटली घेऊन माझ्या डाव्या बाजूला चालत राहिला. मी त्याला विचारलं, "तुझ्या बापाने पाठवलं का लक्ष ठेवायला?" तो म्हणाला, "नाही मोठे बाबा, माझे पाय आहेत." आपल्या घरात सगळी उत्तरं अशीच देतात.

लिंबायतपर्यंत ती थांबली नाही. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. खड्डा आला की मी "डावीकडे" म्हणायचो आणि ती उजवीकडे जायची, आणि तेच बरोबर असायचं. सहारा दरवाजाकडचा पूल लागला. चढावर तिचा डावा पाय अडकल्यासारखा झाला. मला माझ्या छातीत कळलं. चौरंग रस्त्यावर टेकवता येत नाही, हे तुला सांगायला नको. मागून टेम्पोवाला हॉर्न द्यायला लागला. भूपेंद्र खाली उतरून म्हणाला, "आई, बास झालं, दे इकडे, वर ठेवू."

तिचा पाय उचलेना. मी तिच्या कानाजवळ गेलो. मला म्हणायचं होतं, ठेव टेम्पोत, मी घाबरलोय. तोंडातून भलतंच आलं. मी म्हणालो, "तुटला तर गाठ मारायची."

ती तशीच, मान न हलवता, हसली. म्हणजे तिला तो बीम आठवत होता.

मग तिने उज्ज्वलाला खूण केली. उज्ज्वलाने पदर खोचला आणि चौरंग आपल्या डोक्यावर घेतला. आणि दगा, ती सरळ चढली, डगमगली नाही. तेव्हा मला समजलं की त्या पटांगणात दोघींचा सराव चालला होता. मला एकच दाखवला गेला. या बायकांना मी कधीच पुरतं ओळखणार नाही.

पुलाच्या उतारावर सरलाने चौरंग परत मागितला. उज्ज्वला म्हणाली, "मम्मी, अजून थोडं नेते." "नाही. दे." तिथून ओवाऱ्यापर्यंत तिनेच नेला. तापीचं पाणी गढूळ आणि भरलेलं होतं. नारळ सोडताना तिचे दोन्ही गुडघे लटपटत होते आणि साडी पोटरीपर्यंत चिखलाने भरलेली होती. ती देवीकडे नाही, साडीकडे पाहत होती.

टेम्पो रिकामाच गेला आणि रिकामाच आला. येताना मात्र आम्ही सगळे त्यात बसलो. तिने मला सांगितलं, "येताना बसलं तर चालतं." हे तिने तेव्हाच ठरवलं असावं.

संध्याकाळी ती गुडघे धरून बसली होती. मला वाटलं, दुखतंय. गरम पाण्याची पिशवी घेऊन गेलो. ती म्हणाली, "पुलावर द्यायला नको होता." मी म्हणालो, पुढच्या साली बघू. आज सकाळी उठून पाहतो तर तिची गोधडी घडी घातलेली, पलंगाखाली चौरंग नाही. डॉक्टरने आठवडाभर झोपून राहा म्हणून काल फोनवर सांगितलेलं. मी दारात गेलो. तिच्या चपला नव्हत्या. माझ्या होत्या. त्या मी घातल्या.

आता तुझ्यासाठी. रोटाचे गहू काढताना घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात. या वेळी तिने माझ्या नावानंतर लगेच आणखी सव्वा मूठ घेतली, नाव न घेता. मी समोर बसलो होतो. मी पाहिलं आणि बोललो नाही. न बोलणं म्हणजे काय, हे तू समजून घे.

तो रोट डब्यात आहे. कुळाबाहेर कोणाला देता येत नाही, आणि पौर्णिमेच्या पुढे ठेवता येत नाही. शनिवारी पौर्णिमा आहे. सरलाने विमलबाईला फोन केलाच असेल, पण ते बायकांचं झालं. हे माझं बोलावणं. टपालखात्यावर माझा भरवसा नाही, तरी लिहितो. देवी कुठे राहावी यावर तुला भांडायचं असेल तर तेही इथे येऊन भांड. रोट खाऊन भांड. यंदा ती चालत गेली आहे, हे मात्र आधी ऐकून घे, पुलाचा भाग सोडून.

अमळनेरहून सकाळची गाडी धर. उधन्याला उतरलास की रिक्षा करू नकोस, ते लोक लांबून फिरवतात. फलाटावरच थांब. मी घ्यायला येईन. चालत येईन, म्हणून थोडा उशीर होईल. हलू नकोस.

हे पत्र गोपालकडे दिलेलं नाही. जिन्याने उतरून मी स्वतः पेटीत टाकतो आहे.

तुझा भाऊ,
बन्सीलाल